पिवळ्या गळ्याच्या कोंबड्या

१

कोंबड्या ठणठणीत होत्या, आणि म्हणूनच प्रियदर्शिनी रडत होती.

बोईसरच्या पूर्वेला, पालघरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेस महिला मंडळाची लांबट शेड आहे. तारापूरच्या कारखान्यांचा आठाचा भोंगा वाजत असतानाच साखरबाई सावे शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. वयाच्या बहात्तराव्या वर्षीही त्यांची पाठ शिसवी काठीसारखी ताठ होती आणि मंडळातील अकरा जणी त्या पाठीकडे पाहूनच चालत असत.

"मेल्या का कोंबड्या?" त्यांनी विचारले.

"नाही ना, आजी! एकसुद्धा मेली नाही!"

"मग पेढे आण. रडतेस कशाला? आणि रडायचेच असेल तर बाहेर जा, पक्षी बिचकतात."

प्रियदर्शिनी पशुवैद्यक महाविद्यालयात शिकत होती. सहा आठवड्यांपूर्वी तिने या शेडमध्ये पांढऱ्या पक्ष्यांचे तीन कप्पे मांडले होते. पहिल्या कप्प्याला निवडक चांगला मका. दुसऱ्याला बुरशी चढलेला मका. तिसऱ्याला तोच बुरशीचा मका, परंतु त्यात भुईआवळा आणि ओली हळद यांचे औषध कालवलेले. डोळ्यांना दिसते ती बुरशी झटकता येते, पण तिचे विष दाण्यात मुरते आणि पक्ष्याचे काळीज पोखरते. त्या विषावर हे औषध चालते, असे सांगणारी होती शेड सांभाळणारी नवसी. तिची आई लाडकी हिने डोंगरातल्या पाड्यावर, पावसाळ्यात कणगीतले धान्य कुबटले की हेच देऊन आपल्या कोंबड्या जगवल्या होत्या.

दुसरा कप्पा खंगला आणि तिसरा तगला, तरच ते औषध खरे ठरणार होते. तोलणाऱ्यांच्या मनात पक्षपात येऊ नये म्हणून दर आठवड्याची वजने चिठ्ठीवर लिहून मोहोरबंद डब्यात टाकली जात. प्रियदर्शिनीने काल तो डबा फोडला, शेवटची चिठ्ठी वाचली आणि मटकन खाली बसली. तिन्ही कप्पे सारखेच भरले होते.

"उद्या दोन वाजता कोळगावहून समिती येणार," ती डोळे पुसत म्हणाली. "समितीचे लोक म्हणतील, बुरशीची गोणी कोणीतरी बदलली. आणि कोठीची किल्ली कोणाकडे असते, हा त्यांचा पुढचा प्रश्न असेल. मला उत्तर लिहून द्यावे लागेल, आजी."

भाताच्या तुसाची टोपली घेऊन नवसी मागेच उभी होती. तिने कमरेची किल्ली काढून सर्वांना दिसेल अशी वर धरली.

"माझ्याकडं हाय. त्यात लपवायचा काय?" ती शांतपणे म्हणाली. "पन माझ्या आयसचा औषद खोटा, आन् मी चोर, असा कागदावर लिवू नका. एवढाच सांगते."

साखरबाईंनी भिंतीकडे पाहिले. तेथे त्यांनी स्वतःच्या हाताने गेरूने नियम लिहिले होते. चपला बाहेर. हात धुऊन आत. पक्ष्यांपुढे भांडण नको. पाट्याचे धुवण गटारात ओतू नये. शेवटची ओळ अद्याप ताजी, लालभडक दिसत होती. भांडणाची ओळ सर्वांत जुनी, आणि तीच सर्वांत अधिक मोडली जाई.

"उद्या दोन वाजता," त्या म्हणाल्या, "ज्याने हे केले त्याचा कान मी समितीसमोर या हाताने पिळीन. हा माझा शब्द."

तो शब्द त्यांना किती महाग पडणार होता, हे त्या क्षणी शेडमधील कोणालाच ठाऊक नव्हते.

२

"चोर चांगले नेतो आणि वाईट ठेवतो," साखरबाई कोठीकडे जाताना म्हणाल्या. "हा कोण उलट्या काळजाचा, जो सडका मका नेऊन चांगला ठेवील?"

कोठी उघडली. बुरशीची गोणी आपल्या कोपऱ्यात, सुतळीच्या गाठीसह जागच्या जागी होती. साखरबाईंनी मूठभर मका काढून नाकाशी नेला. कुबट वास टाळूपर्यंत गेला.

"वास तर तोच आहे."

"वासाने सिद्ध होत नाही, आजी." प्रियदर्शिनीने मका कुटला, द्रावणात ढवळला आणि त्यात तपासणीची पट्टी बुडवली. "दोन रेघा आल्या, तर मका निर्दोष. एकच आली, तर विष आहे."

तिघीजणी त्या बोटभर पट्टीवर अशा ओणवल्या, की कोणी पाहिले असते तर त्यांना पत्रिका जुळवणाऱ्या समजले असते.

एक रेघ उमटली. दुसरी उमटलीच नाही.

म्हणजे गोणी बदललेली नव्हती. दुसऱ्या कप्प्याने बेचाळीस दिवस हेच विष खाल्ले होते, आणि आता त्याच कप्प्यातील एक कोंबडी साखरबाईंच्या पदराला चोच मारून खाऊ मागत होती.

"चोरी झालेलीच नाही," साखरबाई हळूच म्हणाल्या. "येथे कोणी काही नेलेले नाही, प्रियदर्शिनी. कोणीतरी काहीतरी दिले आहे."

३

भगवंत हा सफाळ्याचा धान्याचा दुकानदार. त्याचीच गोणी पावसात भिजली होती आणि प्रयोगासाठी त्यानेच ती दिली होती. साखरबाईंनी फोनवर केवळ "ये" एवढेच म्हटले, आणि तो तासाभरात स्कूटरवरून हजर झाला.

"काकी, काही चुकले का?"

"गेल्या महिन्यात तू दोनदा भरलेली पिशवी घेऊन येथे आला होतास. समोरच्या पंक्चरवाल्याने पाहिले आहे. काय होते पिशवीत?"

भगवंताने मान खाली घातली. "चांगला मका होता, काकी."

प्रियदर्शिनी ताडकन उठली. साखरबाईंनी नुसत्या बोटाने तिला बसवले.

"लोक विचारतात हो," भगवंत कळवळून म्हणाला. "विष घातलेला मका भगवंताचा, असे उद्या समितीच्या कागदावर छापून आले, तर आजोबांपासूनच्या दुकानाचे काय? म्हटले, गुपचूप गोणी बदलावी. चांगला मका मी पदरचा देणार होतो. त्यात पाप कसले?"

"मग बदललीस का?"

"कसली बदलतोय! ही नवसीबाई खराटा घेऊन धावली. दुसऱ्या वेळी तर रस्त्यापर्यंत आली. स्कूटर चालू होईना, तर मी ढकलत पळालो."

"दोनदा नाय, तीनदा आलेला," नवसी म्हणाली. "एकदा मागच्या खिडकीतनं डोकावला. तवा बादलीभर पानी टाकला."

"ते पाणी होते?" भगवंत दुखावल्या स्वरात म्हणाला. "मला वाटले, पाऊस."

साखरबाईंनी हसू पदराआड दडवले. ज्या बाईवर गोणी बदलल्याचा संशय, तीच ती गोणी खराट्याने राखत होती. भगवंत निर्दोष होता. पण मग उरला तो शेडकडे येजा करणारा दुसरा माणूस, जितेश.

४

जितेश बोईसरच्या एका कंपनीची भुकटी विकत असे. धान्यातील विष शोषून घेणारी, मातीपासून केलेली भुकटी. पोल्ट्रीवाले ती वापरतात आणि ती उपयोगी पडतेही, हे साखरबाई जाणून होत्या. तो बोलावल्यावाचूनच आला. गावात बातमी पसरायला फोन लागत नाही.

"आजी, सच बोलतो," तो म्हणाला. "एक पुडा मी दिला होता. फुकट. फक्त दुसऱ्या कप्प्यात टाकून बघा म्हणून सांगितले. मला वाटले, आमचा माल जिंकला तर तुम्हीच मंडळाला घ्याल."

"हे मला विचारून केलेस?"

"तुम्हाला विचारायला हिंमत लागते, आजी."

"पुडा कोणाच्या हातात दिलास?"

"प्रियंकाताईंच्या."

प्रियंका ही मंडळातील सर्वांत तरुण सभासद. तिला बोलावले. ती आली, साखरबाईंना पाहून पदर सावरला आणि घाबरत घाबरत तोलाच्या काट्याकडे बोट दाखवले. काट्याच्या मेजाचा एक पाय आखूड होता. त्या पायाखाली जितेशचा चकचकीत पुडा, दाबाने चपटा झालेला, पण शिवण शाबूत, जसाच्या तसा बसला होता.

"मेज हलत होते, बाई," प्रियंका पुटपुटली.

"जितेश," साखरबाई गंभीरपणे म्हणाल्या, "तुझ्या कंपनीला कळव. तुमच्या भुकटीमुळे आमचा काटा सहा आठवडे तसूभर हलला नाही."

जितेशसुद्धा हसला. परंतु हसता हसता साखरबाईंच्या लक्षात आले, की संशयितांची रांग संपली होती. उरली एकटी नवसी.

५

नवसीला त्यांनी शेडमागच्या चिंचेखाली नेले. चहा दोन पेल्यांत ओतला आणि आपल्या हाताने तिला दिला.

"नवसी, खरे सांग. दुसऱ्या कप्प्याची तुला दया आली?"

"आली तं. येनारच." नवसीने डोळे वळवले नाहीत. "तीसच्या तीस जीव. त्यांनी कोनाचा काय केला? पन पोरीनं हात जोडून सांगितला, त्यांना औषद नाय द्यायचा. मग मी त्यांना काय नाय दिला. आयसची आन."

"दुसऱ्या कोणी दिले?"

"कोनी नाय. दुपारी चारला वाटन व्हयाचा, रोज एकीची पाळी. अकराच्या अकरा जनींना मी बजावला व्हता, गोला तिसऱ्याच कप्प्यात जायाचा. तसाच गेला."

साखरबाईंनी तिच्या डोळ्यांत पाहिले. चाळीस वर्षे बायकांची भांडणे मिटवणाऱ्या त्या डोळ्यांना खोटे लगेच दिसे. येथे ते नव्हते. चारच्या वाटणाला त्या स्वतः कधीच हजर नसत. ती वेळ त्यांच्या पालघरच्या बाजारफेरीची होती.

त्या उठल्या आणि पुन्हा कप्प्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. प्रयोग कालच संपला असल्याने आज वाटण नव्हते, पाण्याची भांडी घासून स्वच्छ होती, सर्वत्र निवांत होते. तिसऱ्या कप्प्यातील पक्ष्यांच्या चोचींवर हळदीचा पिवळा थर बसला होता. ते रास्तच होते. ते औषधाचा गोळा टिपून खात होते.

मग त्यांनी दुसऱ्या कप्प्यातील एक पक्षी उचलला. चोच स्वच्छ होती. परंतु त्याने मान वर केली, आणि चोचीखाली, पांढऱ्या पिसांत, पिवळसर ओघळ दिसला. त्यांनी दुसरा उचलला. तोच ओघळ. तिसरा, चौथा, पाचवा. नववधूच्या हळदीसारखे सगळ्यांचे गळे माखलेले.

"चोच कोरी आणि गळा पिवळा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "खाल्लेले चोचीला लागते. मग गळ्यावर काय ओघळते?"

समोर एका कोंबडीने भांड्यात चोच बुडवली, मान उंच केली आणि घोट घेतला. दोन थेंब तिच्या गळ्यावरून खाली उतरले.

६

"तो डबा आण," साखरबाई म्हणाल्या. "सगळ्या चिठ्ठ्या. तू शेवटची वाचून रडायला बसलीस. गोष्ट शेवटच्या पानापासून वाचतात का?"

प्रियदर्शिनीने सहा चिठ्ठ्या ओळीने मांडल्या. पहिल्या आठवड्यात दुसरा कप्पा थोडा मागे. दुसऱ्या आठवड्यात तो पहिल्याच्या जेमतेम पाऊणपट. प्रियदर्शिनीने ती चिठ्ठी पुन्हा उचलली.

"आजी, हे पक्षी खंगत होते! विष लागू पडत होते!"

"पुढे वाच."

तिसऱ्या आठवड्यापासून घसरण थांबली. चौथ्यात अंतर घटले, पाचव्यात आणखी, आणि सहाव्यात मिटले.

"म्हणजे चौदा दिवस त्यांना काही मिळाले नाही, आणि पंधराव्या दिवसापासून काहीतरी मिळू लागले," साखरबाई म्हणाल्या. "पंधराव्या दिवशी येथे काय बदलले?"

"मी तेव्हा परीक्षेला गेले, ती परवा परतले... हां, मिक्सर जळला! नवसीमावशींचा फोन आला होता. त्याआधी मी औषध वाळवून, मिक्सरमधून भुकटी करून देत असे. नंतर तुम्ही सांगितलेत ना, की यंत्र गेले म्हणून काम थांबत नाही, पाटा काढा आणि ओले वाटा."

"मीच सांगितले," साखरबाई म्हणाल्या.

आणि त्या एकाएकी थांबल्या. त्यांची नजर भिंतीवर गेली. जुन्या फिकट ओळींखालच्या त्या ताज्या, लालभडक ओळीवर खिळली. प्रियदर्शिनीने त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच खाली बसताना हाताचा आधार घेतलेला पाहिला.

"आजी, काय झाले? कळले का, कोण ते?"

"कळले," साखरबाई म्हणाल्या. "उद्या दोन वाजता सांगेन. आज मला त्या माणसाची समजूत काढायची आहे. फार हट्टी माणूस आहे."

७

समितीच्या प्रमुख डॉ. दीपा चुरी यांनी दोनला पाच कमी असताना शेडमध्ये पाऊल टाकले आणि दारातील नियम वाचून चपला काढल्या. साखरबाईंनी त्यांना मनातल्या मनात दहापैकी आठ गुण दिले. अकरा जणी भिंतीला ओळीने उभ्या होत्या. नवसी सर्वांत मागे होती. किल्ली तिच्या मुठीत होती.

"वजने मी पाहिली," डॉक्टर म्हणाल्या. "दुसरा कप्पा निरोगी कसा, याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर प्रयोग बाद करावा लागेल. किल्ली कोणाजवळ असते?"

"उत्तर आधी देते, किल्लीचे नंतर बघू," साखरबाई म्हणाल्या. "प्रियंका, आपल्या पाळीला वाटतेस तसे एका वेळचे औषध वाट. कोणी काही बोलायचे नाही."

प्रियंका पाट्यापुढे बसली. भुईआवळ्याची हिरवी डहाळी आणि ओल्या हळदीची बोटे वरवंट्याखाली चिरडली गेली. शेडभर तिखट, मातकट, ताजा वास भरला. गोळा तिने तिसऱ्या कप्प्याच्या खाद्यात कालवला. मग परत येऊन पाट्यावर तांब्याभर पाणी ओतले, हाताने निपटून ते पिवळेधमक धुवण पातेल्यात घेतले, उठली, आणि किंचितही न घुटमळता दुसऱ्या कप्प्याच्या पाण्याच्या भांड्यात रिते केले.

डॉक्टरांचे डोळे विस्फारले. प्रियदर्शिनीने तोंडावर हात ठेवला. मात्र ओळीतल्या जणींपैकी एकीच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते.

"हे काय केलेस?" साखरबाईंनी विचारले.

"काय केले, बाई?" प्रियंका गोंधळली. "पाटा धुतला."

"ते पाणी त्यांना का दिलेस?"

"दिले कुठे? ते टाकायचे नाही ना! तुम्हीच लिहिलेय. पहिल्या कप्प्यातल्या चांगले खातात, तिसऱ्यातल्यांना औषध मिळतेच. या बिचाऱ्यांना काहीच नाही, म्हणून..."

"मी पन तसाच केला," एक आवाज आला. "मीपण." "मीही." उरलेल्या दहाही जणींचे आवाज उमटले, आणि शेवटी मागून नवसीचा.

"पाट्याच्या पान्याला दिला कसा म्हनायचा?" ती म्हणाली. "ता तं फेकायचाच नसता. आईनं एका पोराला लोन्याचा गोला दिला, तं दुसऱ्याला ताक तरी पाजते. ताक पाजला म्हनून लोनी दिला, असा कोन म्हनतो?"

डॉ. चुरी खळखळून हसल्या. मग साखरबाईंनी त्यांच्यापुढे सहा चिठ्ठ्या मांडल्या, पिवळ्या गळ्याचा पक्षी दाखवला आणि पंधराव्या दिवशी मिक्सर कसा जळला ते सांगितले. डॉक्टरांनी चिठ्ठ्या दोनदा वाचल्या.

"प्रयोग पुन्हा करावा लागेल," त्या अखेर म्हणाल्या. प्रियदर्शिनीची मान खाली गेली. "पण हा बाद नाही. चौदा दिवस हे पक्षी विषावर खंगले आणि नंतर निव्वळ धुवणावर सावरले. पाण्यातून, इतके थोडके दिले तरी भागते का, हा प्रश्न विचारायचे आमच्यापैकी कोणाला सुचले नसते. तो तुमच्या पाट्याने विचारला. दुसऱ्या प्रयोगाची शिफारस मी आजच करते. औषधाच्या माहितीत पहिले नाव कोणाचे लिहू?"

"लाडकीचे," साखरबाई म्हणाल्या. "आणि तिच्याखाली नवसीचे. किल्लीही तिच्याकडेच राहील."

नवसीने किल्ली कमरेला खोचली. तिने पदराने एकदा नाक तेवढे पुसले.

"सर्व ठीक," डॉक्टर म्हणाल्या, "पण गुन्हेगाराचा कान पिळणार असे ऐकले होते. या अकरा जणींचे बावीस कान पिळणार?"

साखरबाई चार पावले पुढे आल्या. पाठ नेहमीइतकीच ताठ होती.

"यांनी माझी आज्ञा पाळली. आज्ञा करणारीने मात्र कधी चार वाजता येऊन पाहिले नाही, की तिच्या आज्ञेचे होते काय," त्या म्हणाल्या. "मी दिलेला शब्द मोडत नाही." आणि त्यांनी उजव्या हाताने स्वतःचा उजवा कान धरून सर्वांदेखत पिळला.

क्षणभर कोणाला हसावे की नाही कळेना.

"एवढा हलू, बाय?" मागून नवसीचा आवाज आला. "आमचा पिळता तवा पार तारापूर दिसतं!"

मग मात्र पत्रे हादरतील असा हशा उसळला. भगवंत दारात, जितेश खिडकीत, दोघेही हसत होते. नव्वद कोंबड्या एकदम कलकलल्या, आणि पक्ष्यांपुढे शांतता राखण्याचा नियम त्या दिवशी साखरबाईंनी स्वतःच मोडला.

सगळे पांगल्यावर त्यांनी गेरूची वाटी मागवली. "पाट्याचे धुवण गटारात ओतू नये" या ओळीखाली त्यांनी वळणदार अक्षरांत आणखी एक ओळ लिहिली: "आणि नवसीला विचारल्याखेरीज कोणाला पाजूही नये."

वाटीत थोडा गेरू उरला होता. तो टाकवेना, म्हणून त्यांनी दाराच्या उंबऱ्यालाही एक हात दिला.